आडनाव राखायची मुभा मला आहे, मग माझ्या नणंदेला का नाही?

प्रति,
जपानच्या संसदेच्या दोन्ही सभागृहांचे सन्माननीय सदस्य,
नागाताचो, तोक्यो

सन्माननीय सदस्यहो,

सविनय नमस्कार.

तुमच्या देशात मी नोकरी करते, आयकर भरते, रहिवासी कर भरते, पेन्शनचे हप्ते भरते. मतदानाचा हक्क मला नाही, त्यामुळे माझ्या रागालोभाने तुमच्यापैकी कोणाचीही जागा इकडची तिकडे होणार नाही. तरीही लिहिते आहे. लग्नानंतर आपलं आडनाव ठेवायचं की बदलायचं, या प्रश्नावरचा निर्णय तुमची संसद जवळजवळ तीस वर्षं पुढे ढकलत आली आहे. माझ्यासारख्या बाहेरून आलेल्या बाईला जी मुभा न मागता मिळाली, ती तुमच्या स्वतःच्या लेकीबाळींना तुमचा कायदा नाकारतो. हे मी माझ्या घरातच बघते, म्हणून गप्प बसवत नाही.

या पत्राचा जपानी मसुदा तुमच्या कार्यालयांकडे वेगळा पाठवते आहे. मराठीतही ते जाहीर करते, कारण तोक्यो-योकोहामात आम्ही मराठी माणसं बरीच आहोत, जपानी माणसांशी सोयरीक झालेली घरंही त्यात आहेत, आणि पुण्या-मुंबईत जपानी कंपन्यांबरोबर काम करणारे तर त्याहून जास्त. त्यांच्यातल्या कित्येकांना असा काही कायदा आहे हेच ठाऊक नसतं. इतका पुढारलेला देश, तिथे असं कसं असेल, असं मला माझ्या आईनेही विचारलं होतं.

तर आधी कायदा सांगते. जपानच्या दिवाणी संहितेच्या कलम ७५० प्रमाणे लग्न करताना नवरा-बायकोने दोघांपैकी एकाचं आडनाव निवडायचं आणि ते दोघांनी लावायचं. कोणाचं निवडायचं ते जोडप्यावर सोपवलेलं आहे, बाईनेच बदलावं असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. पण सुमारे ९५ टक्के जोडप्यांत आडनाव जातं ते बाईचंच. दोघांनाही आपापलं ठेवायचं असेल तर लग्नाची नोंदच होत नाही. लग्न झालं की सर्वांनी एकच आडनाव लावावं अशी कायद्याने सक्ती करणारा दुसरा देश आपल्याला ठाऊक नाही, असं तुमच्याच सरकारने संसदेत सांगितलेलं आहे.

आणि ही सक्ती फक्त दोघंही जपानी असतील तरच. माझा नवरा जपानी, मी भारतीय. आमच्या लग्नाची नोंद करायला आम्ही वॉर्डाच्या कार्यालयात गेलो तेव्हा माझ्याजवळ दूतावासातून आणलेला अविवाहित असल्याचा दाखला होता, त्याचं जपानी भाषांतर होतं, पासपोर्ट होता. अर्ज म्हणजे एक मोठा आडवा कागद. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. मधे एक रकाना आहे: लग्नानंतरचं आडनाव. त्यात दोन चौकोन, एक नवऱ्याच्या आडनावासाठी, एक बायकोच्या. दोघांपैकी एकावर खूण करायची. खिडकीतल्या बाईंनी तो रकाना पेन्सिलीने दाखवून सांगितलं, हा तुम्ही रिकामा ठेवा, जोडीदार परदेशी असला की तो लागू होत नाही. शिवाय माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, तुम्हाला पत्नीचं आडनाव घ्यायचं असेल तर सहा महिन्यांच्या आत येऊन नुसतं कळवा, कोर्टात जायची गरज नाही. त्याने ते घेतलं नाही, मी त्याचं घेतलं नाही. तुमच्या कोसेकीत, म्हणजे कुटुंबाच्या सरकारी नोंदवहीत, त्याच्या नावाखाली माझं लग्न आणि माझं पूर्ण नाव काताकाना या जपानी लिपीत लिहिलं गेलं. काम संपलं. आमचं लग्न कायदेशीर आहे, वारसाहक्क आहे, करसवलत आहे, मुलगी आहे. तिचं आडनाव वडिलांचं.

पुढे माझ्या नणंदेचं लग्न ठरलं. नवरा जपानी. तोच अर्ज, तोच रकाना, पण तिला तो रिकामा ठेवता येईना. ती गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत गुणवत्ता तपासणीचं काम करते. त्या नावाने तिने दहा-बारा वर्षं अहवालांवर सह्या केल्या होत्या. होणारा नवरा चांगला माणूस आहे, आडनाव बदलायला तोही तयार होता, पण त्याच्या घरून इतकी रडारड झाली की शेवटी हिनेच माघार घेतली. आमच्याकडे जेवायला आली होती तेव्हा म्हणाली, "लोक म्हणतात तू निवडलंस. मला दोन्ही आडनावं राहायला हवी होती, ते निवडायला जागाच नव्हती."

मग सुरू झाल्या चकरा. वाहन परवाना, माय नंबर कार्ड (सरकारी ओळख क्रमांकाचं कार्ड), पासपोर्ट, बँकेची खाती, क्रेडिट कार्डं, मोबाइल, विमा. एका ठिकाणी नवं नाव झाल्याशिवाय दुसरीकडे होत नाही, आणि बहुतेक खिडक्या ती कामावर असते त्याच वेळात उघड्या असतात. अर्ध्या-अर्ध्या दिवसाच्या रजा त्यात गेल्या. नोंदणी केलेला शिक्का, हांको, तोही नवा कोरून घ्यावा लागला. जुना तिला विसाव्या वर्षी वडिलांनी दिलेला होता, काळ्या म्हशीच्या शिंगाचा, तिच्या माहेरच्या आडनावाचा. वडील आता नाहीत. नाव बदललं तशी त्या शिक्क्याची नोंदणी रद्द झाली. तिच्या नवऱ्याला यातलं काही करावं लागलं नाही, आणि त्याबद्दल तोही खजील असतो.

तुमच्यापैकी पुष्कळ जण म्हणतील, एवढ्यासाठी कायदा कशाला बदलायचा? कामाच्या ठिकाणी माहेरचं नाव वापरायला कोण अडवतं? गेल्या काही वर्षांत सोयी झाल्या हे खरंच आहे. २०१९ पासून रहिवासी नोंदीवर, माय नंबर कार्डावर आणि वाहन परवान्यावर जुनं आडनाव सोबत लिहून मिळतं. पासपोर्टवर ते कंसात छापतात. पण माझी नणंद कंपनीच्या कामाने चाकणला गेली तेव्हा काय झालं ते ऐका.

चाकण हे पुण्याजवळचं गाव. आता तिथे गाड्यांचे कारखानेच कारखाने आहेत आणि जपानी कंपन्यांची माणसं सारखी येत-जात असतात. हिच्या कंपनीने तिथल्या कारखान्याला ईमेल केला तो माहेरच्या नावाने, कारण ऑफिसात ती तेच वापरते. व्हिजिटिंग कार्डही त्याच नावाचं. पासपोर्ट आणि व्हिसा मात्र सासरच्या नावाचा. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याकडे आत सोडायच्या पाहुण्यांची यादी होती. यादीत एक नाव, पासपोर्टवर दुसरं. कंसातल्या नावाचा अर्थ त्याला लागेना, आणि लागावा तरी का? त्याचं म्हणणं बरोबर होतं: "यादीतलं नाव वेगळं, कागदावरचं वेगळं, मी आत सोडू कसं?" हिने तोक्योला मला फोन लावला आणि त्याच्या हातात दिला. मी म्हटलं, "दादा, ते तिचं माहेरचं नाव आहे हो." तो लगेच म्हणाला, "मग असं सांगा ना ताई." काम झालं.

तिथे झालं, कारण माहेरचं आणि सासरचं अशी दोन नावं घेऊन जगणाऱ्या बायका मराठी माणसाला घरोघरी माहीत आहेत. जर्मनीतल्या हॉटेलात, सिंगापूरच्या विमानतळावर मराठीत फोन करून कोण समजावणार? पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात त्यांत ते कंसातलं नाव नसतंच. २०२४ च्या जूनमध्ये केइदानरेन या तुमच्या सर्वात मोठ्या उद्योग महासंघाने हेच सांगितलं की टोपणनावासारखं वापरलेलं माहेरचं आडनाव परदेशात चालत नाही, कंपन्यांनाही त्याची झळ पोचते, तेव्हा ऐच्छिक स्वतंत्र आडनावांचा कायदा लवकर करा. केइदानरेनला कोणी चळवळी संघटना म्हणणार नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये सत्तेवर आलेल्या सरकारने वेगळा रस्ता धरला. सत्ताधारी लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष आणि त्याला साथ देणारा निप्पोन इशिन हा पक्ष यांच्या करारात माहेरच्या आडनावाच्या वापराला कायद्याचा आधार द्यायचं ठरलं. यामागे चांगली इच्छा असेलही. पण त्यात मूळ गोष्ट तशीच राहते: कोसेकीतलं नाव जातंच. वर एकेका माणसाची दोन दोन कायदेशीर नावं सांभाळायचा व्याप बँकांनी, दवाखान्यांनी आणि सरकारी खात्यांनी करायचा, आणि परदेशातल्या गेटवाल्याने त्यातलं खरं कोणतं ते ओळखायचं. एक नाव मुळात हिरावून घ्यायचं आणि मग ते वापरायची परवानगी द्यायची, हा उलटा व्यवहार कशासाठी?

पंतप्रधान ताकाइची साने यांना मला आदराने एक आठवण द्यायची आहे. देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान म्हणून त्या शपथ घेत होत्या तेव्हा आम्ही घरी टीव्हीसमोर होतो, आणि मला मनापासून बरं वाटलं होतं. पहिल्या लग्नात त्यांनी कायद्याने नवऱ्याचं आडनाव घेतलं होतं आणि राजकारणात माहेरचं वापरलं. पुढे घटस्फोट होऊन त्याच गृहस्थांशी २०२१ मध्ये पुन्हा लग्न झालं तेव्हा नवऱ्याने त्यांचं आडनाव घेतलं. म्हणजे या कायद्याच्या दोन्ही बाजू त्यांच्या घराने अनुभवल्या आहेत. आपलं नाव आपलं राहणं काय असतं हे त्यांना कोणी शिकवायला नको.

न्यायालयाचंही तेच. मियाझाकी युको २०१८ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाल्या आणि त्या न्यायालयात माहेरच्या आडनावाने काम करणाऱ्या पहिल्या न्यायाधीश ठरल्या. माहेरचं नाव वापरायची सोय त्यांना पूर्ण होती. तरी २०२१ च्या जूनमध्ये हा प्रश्न पुन्हा खंडपीठासमोर आला तेव्हा त्यांनी सक्ती घटनाबाह्य असल्याचं मत दिलं. निकाल मात्र ११ विरुद्ध ४ असा सक्तीच्या बाजूने लागला. त्याआधी डिसेंबर २०१५ मध्ये १५ पैकी १० न्यायाधीशांनी कायदा घटनेला धरून आहे म्हटलं होतं. त्या वेळी खंडपीठात तीन महिला होत्या, आणि तिघींनीही तो घटनाबाह्य ठरवला होता. त्या दाव्यातल्या एक वादी तोयामाच्या निवृत्त शिक्षिका होत्या, वय ८०. आयुष्याच्या शेवटी तरी आपलं नाव आपलं असावं एवढंच त्यांचं मागणं होतं.

आणखी एक दावा माझ्या अगदी जवळचा आहे. सायबोझू या सॉफ्टवेअर कंपनीचे अध्यक्ष आओनो योशिहिसा यांनी लग्नात पत्नीचं आडनाव घेतलं आणि धंद्यात जुनंच वापरत राहिले. आडनाव बदलणाऱ्या त्या थोड्या पुरुषांपैकी ते एक. २०१८ मध्ये ते कोर्टात गेले, आणि त्यांचा मुद्दा हाच होता: जपानी माणसाने परदेशी जोडीदाराशी लग्न केलं तर आडनाव निवडता येतं, जपानी जोडीदाराशी केलं तर येत नाही, हा भेद का? २०१९ मध्ये तोक्यो जिल्हा न्यायालयाने दावा फेटाळला. मला या प्रश्नाचं पटेल असं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. माझ्या घरात एकाच आईच्या पोटची दोन भावंडं आहेत. भावाने भारतीय मुलीशी लग्न केलं म्हणून त्याच्या बायकोचं नाव राहिलं. बहिणीने जपानी मुलाशी केलं म्हणून तिचं गेलं. माझी मुलगी मोठी होऊन लग्न करेल तेव्हा तिचं नाव टिकणं न टिकणं हे नवऱ्याच्या पासपोर्टवर ठरणार का?

आता कुटुंबाच्या एकोप्याबद्दल. तुमच्यातले विरोधक सगळ्यात जास्त वेळा बोलतात ते हेच, आणि मी त्याची टिंगल करणार नाही. माझ्या सासरचे शेजारीपाजारी हेच बोलतात, ते वाईट लोक नाहीत. आडनाव एक असलं की घर एक वाटतं, ही भावना खरी आहे, आणि ज्यांना ती आहे त्यांनी एकच आडनाव लावावं. त्यांना कोण अडवणार आहे? मागणी ऐच्छिक हक्काची आहे. पण एक आडनाव नसेल तर घर मोडतं, हे म्हणणं आकड्यांवर टिकत नाही. २०२४ मध्ये जपानमध्ये सुमारे ४ लाख ८५ हजार लग्नं झाली आणि १ लाख ८५ हजारांच्या वर घटस्फोट. त्यातलं जे जोडपं दोन्ही जपानी होतं, त्याचं आडनाव कायद्याने एकच होतं. त्या सारखेपणाने कोणाचा संसार वाचला नाही. उलट घटस्फोटानंतर आडनाव बदललेल्या बाईपुढे नवा पेच येतो: तीन महिन्यांच्या आत अर्ज केला नाही तर नाव आपोआप मागे जातं, मुलं वडिलांच्या कोसेकीत राहतात, आणि मुलांना आपलं आडनाव लावायचं तर कौटुंबिक न्यायालयाची परवानगी आणावी लागते.

शेजारच्या कोरियात आणि चीनमध्ये बायका लग्नानंतर आपलंच आडनाव ठेवतात. तिथल्या कुटुंबांना कोणी सैल म्हणत नाही.

मुलांचं काय, हेही मला विचारतात. माझ्या मुलीच्या पाळणाघरात सुरुवातीला बाई मला तिच्याच आडनावाने हाक मारायच्या. एकदा सांगितलं, तेव्हापासून माझ्या नावाने मारतात. तिच्या एका मैत्रिणीने विचारलं, तुझ्या आईचं नाव वेगळं का? ही म्हणाली, "आई भारतातली आहे ना." मैत्रिणीचं समाधान झालं. विमानतळावर आम्ही दोघीच असलो की कधी कधी मुलीशी नातं काय ते विचारतात, म्हणून कोसेकीच्या उताऱ्याचं भाषांतर पिशवीत ठेवते. असा त्रास होतो, मी नाकारत नाही. पण तो मी पत्करलेला आहे. पत्करलेल्या आणि लादलेल्या त्रासात फार अंतर असतं.

कोसेकीची पद्धत कोलमडेल, हीसुद्धा भीती घातली जाते. १९९६ च्या फेब्रुवारीत तुमच्याच न्याय मंत्रालयाच्या विधी परिषदेने ऐच्छिक स्वतंत्र आडनावांची शिफारस केली. दोघांची आडनावं वेगळी असली तरी नोंद कशी करायची आणि मुलांचं आडनाव कसं ठरवायचं, याचाही विचार त्याच काळात झाला होता. लग्नाच्या वेळीच मुलांचं आडनाव ठरवायचं आणि सगळ्या भावंडांना तेच लावायचं, अशी ती योजना होती. ज्यांचं आयुष्य कोसेकी सांभाळण्यात गेलं त्या खात्यानेच रस्ता आखून दिला होता. तेव्हापासून तो कागद पडून आहे. संयुक्त राष्ट्रांच्या महिला भेदभाव निर्मूलन समितीने २००३, २००९, २०१६ आणि २०२४ मध्ये सांगून पाहिलं.

परंपरेच्या मुद्द्यावर मात्र जरा थांबते. एक आडनाव ही जपानची प्राचीन रीत आहे असं ऐकत ऐकत मीही तसंच समजत आले होते. पण तुमचा इतिहास वेगळं सांगतो. सामान्य माणसाला आडनाव लावायची मोकळीक मिळाली १८७० मध्ये आणि ते लावणं सक्तीचं झालं १८७५ मध्ये. पुढच्याच वर्षी, १८७६ मध्ये, सरकारने हुकूम काढला की लग्न झालेल्या बाईने आपल्या जन्मघराचंच आडनाव लावावं. म्हणजे त्या काळच्या मेइजी सरकारची पहिली आज्ञा स्वतंत्र आडनावांची होती. घराण्याच्या प्रमुखाच्या हाती सगळी सत्ता देणारी संहिता १८९८ मध्ये आली, तेव्हा बायकोने नवऱ्याच्या घराचं नाव घ्यायचं ठरलं. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ मध्ये घराण्याची ती व्यवस्था गेली, दोघांपैकी कोणाचंही चालेल असं झालं, पण ‘एकच’ हा आग्रह मागे उरला. ज्या व्यवस्थेसाठी तो होता ती व्यवस्था तुम्हीच मोडीत काढली आहे.

आणि घराणी टिकावीत असं ज्यांना वाटतं त्यांनी माझ्या सासूबाईंचं ऐकावं. त्या नागानोच्या. त्या तिघी बहिणी, भाऊ नाही. पूर्वी अशा घरी जावयाला दत्तक घेऊन घराण्याचं नाव चालवायची पद्धत होती. यांच्याकडे ते जमलं नाही. तिघींची लग्नं झाली आणि तिघींची आडनावं बदलली. गावाच्या देवळामागे त्यांच्या माहेरच्या घराण्याचं थडगं आहे, दगडावर ते आडनाव कोरलेलं. दरवर्षी हिगानला, म्हणजे पितरांच्या स्मरणाच्या दिवसांत, सासूबाई आधी सासरच्या थडग्यावर जातात आणि मग गाडीने माहेरच्या. बादलीतून पळीपळीने पाणी ओततात, अक्षरांतलं शेवाळ जुन्या दातघासणीने काढतात, उदबत्ती लावतात. ते आडनाव लावणारं आता कोणी नाही, म्हणून देवळाशी बोलून थडगं बंद करायचं आणि अस्थी सामाईक जागेत हलवायच्या, अशी बोलणी चालू आहेत. सासूबाई कधी मोर्चात गेलेल्या नाहीत, वर्षानुवर्षं त्यांनी मत तुमच्यातल्याच जुन्या पक्षाला दिलंय. त्या मला एवढंच म्हणाल्या, "आम्हा तिघींपैकी एकीला तरी नाव ठेवू दिलं असतं तर." आता तर एकुलती एक मुलगी आणि एकुलता एक मुलगा अशी लग्नं सर्रास होतात. प्रत्येक लग्नात एक आडनाव पुसलंच पाहिजे असा कायदा करून कोणतं घराणं वाचणार?

माझ्या महाराष्ट्रात सगळं छान आहे म्हणून मी हे लिहिते आहे, असं कृपा करून समजू नका. आमच्याकडे तर आडनावच काय, पहिलं नावही बदलायची चाल होती. सासरी पाऊल टाकल्यावर ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो आणि पेढे वाटून सगळ्यांना ते सांगतात. माझ्या आजीचं माहेरचं नाव आम्हा नातवंडांना ती गेल्यावर, जुन्या पत्रांवरून कळलं. आजही कित्येक घरांत हे हौसेने चालतं. काही मुलींना ते मनापासून आवडतं, आणि काहींना नाही म्हणता येत नाही. माझं आडनाव तरी कोणाचं? वडिलांचंच. २०२४ च्या मे महिन्यापासून महाराष्ट्र सरकारने सरकारी कागदांवर बाळाच्या नावापुढे आधी आईचं, मग वडिलांचं नाव लिहायची पद्धत सुरू केली, ती मला फार मोलाची वाटते. सामाजिक दबाव आमच्याकडे तुमच्याइतकाच आहे, कदाचित जास्तही असेल. पण जी मुलगी त्या दबावापुढे उभी राहते तिच्या मागे भारताचा कायदा उभा असतो, निदान तिच्या विरुद्ध तरी नसतो. लग्नानंतर नाव न बदलताही तिचा पासपोर्ट होतो आणि लग्नाचा दाखला मिळतो. तुमच्याकडे सासर राजी, नवरा राजी, ऑफिस राजी, आणि तरी खिडकीवरचा कर्मचारी अर्ज परत करतो.

मग काय करतात ही जोडपी? काही लग्नाची नोंदच करत नाहीत. मग एकमेकांचा वारसाहक्क नाही, जोडीदाराची करसवलत नाही, दवाखान्यात सही करायची वेळ आली की धाकधूक. काही जोडपी नोंद करतात आणि नाव परत मिळवण्यासाठी कागदोपत्री घटस्फोट घेऊन त्याच घरात संसार करतात. लग्नं कमी झाली, मुलं कमी झाली म्हणून तुम्ही समित्या नेमता, अनुदानं जाहीर करता. २०२४ मध्ये जपानमध्ये सात लाखही बाळं जन्मली नाहीत. लग्न करायला एका पायावर तयार असलेल्या माणसांना मात्र खिडकीवरून परत पाठवता.

लोकांचं मत काय, हा प्रश्न विचारून झाला आहे. एनएचके या तुमच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत ६२ टक्के लोक ऐच्छिक स्वतंत्र आडनावांच्या बाजूने होते, विरोधात २७ टक्के. मंत्रिमंडळ कार्यालयाच्या २०२१ च्या पाहणीत आकडे वेगळे आले: २८.९ टक्के स्वतंत्र आडनावांच्या बाजूचे, आणि एकच आडनाव ठेवून माहेरच्या नावाला कायद्याचा आधार द्या म्हणणारे ४२.२ टक्के. पण आहे तसंच राहू द्या म्हणणारे तिथेही २७ टक्केच होते. म्हणजे कशाही पद्धतीने विचारा, आहे ते बदला म्हणणारेच जास्त निघतात.

२०२५ च्या मे महिन्यात मला खरंच आशा वाटली होती. विरोधी पक्षांची तीन विधेयकं कनिष्ठ सभागृहाच्या विधी समितीपुढे आली. २८ वर्षांनी प्रथमच त्यांवर चर्चा सुरू झाली. नणंद आणि मी सभागृहाचं थेट प्रक्षेपण मोबाइलवर बघायचो, ती ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत, मी पाळणाघराच्या वाटेवर. २२ जूनला अधिवेशन संपलं आणि मतदान झालंच नाही. हरलो असतो तर हरलो असतो. कोण कुठे उभं आहे ते तरी दिसलं असतं. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही वेळा सांगितलं, हा विषय संसदेने चर्चा करून ठरवावा. तुम्ही न्यायालयाकडे बोट दाखवता, न्यायालय तुमच्याकडे. मार्च २०२४ मध्ये आणखी १२ जण तोक्यो आणि साप्पोरोच्या न्यायालयांत गेले. त्यांचं वय थांबलेलं नाही.

माझी विनंती अगदी नेमकी आहे. ऐच्छिक स्वतंत्र आडनावांचं विधेयक समितीत अडकवून न ठेवता सभागृहात आणा आणि मतदानाला टाका. पक्षादेश मागे घ्या आणि प्रत्येक सदस्याला आपल्या मनाप्रमाणे मत देऊ द्या. लिबरल डेमोक्रॅटिक पक्षातही या सुधारणेच्या बाजूचे सदस्य आहेत, त्यांनी ते उघडपणे सांगितलेलं आहे, आणि त्यांना हात वर करायची संधी मिळालेली नाही. कायदा होईल त्या दिवशी आधीच आडनाव बदललेल्यांनाही, माझ्या नणंदेसारख्यांना, ठरावीक मुदतीत आपलं नाव परत घेता येईल अशी तरतूद त्यात ठेवा. आणि विधेयक पडलं, तर कोणी कसं मत दिलं त्याची यादी मतदारांपुढे ठेवा. माझी नणंद मतदार आहे. सासूबाईही आहेत, आणि पुढच्या निवडणुकीत मतदान केंद्रावर जाण्याआधी ती यादी बघणार आहेत, असं त्यांनी मला सांगून ठेवलं आहे.

आपली नम्र,
तोक्योत राहणारी एक मराठी सून